पार्श्वभूमी : मित्राला भरून दिलेली कॅसेट आणि कायदा

कॅसेट युरोपात निघाली १९६३ साली. विदर्भातल्या खेड्यांत तिचा खरा काळ १९८० नंतरचा, आणि ती आली कापसाच्या जोरावर. सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदीचा चुकारा हाती पडला की तालुक्याहून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेला संच, घरी यायचा. त्याआधी गाणं ऐकायचं ते रेडिओवर, नाहीतर लग्नातल्या भोंग्यावर.

त्याच घरांतली पोरं शिकायला अमरावती, यवतमाळ, नागपूरला खोली करून राहू लागली आणि मित्राला कॅसेट भरून द्यायची पद्धत पडली. एका बाजूला रेडिओवरून टिपलेली सिनेमाची गाणी, दुसऱ्या बाजूला गावच्या सप्ताहातली खंजिरी भजनं किंवा दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून आणलेली भीमगीतं. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे जेमतेम सहा गाणी. शेवटचं गाणं मध्येच तुटू नये म्हणून घड्याळ समोर ठेवून क्रम लावावा लागे. लाइन गेली तर सेलवर भरायचं. सेल उतरलेले असले की पट्टी हळू फिरे, आणि मित्राने नव्या सेलवर लावली की तेच गाणं चिरक्या आवाजात पळे. भरून झालं की पाठीमागची प्लास्टिकची चिप मोडायची, म्हणजे चुकून पुसलं जात नसे. वर्षानुवर्षं अदलाबदल होणाऱ्या कॅसेटींवर, पुन्हा भरता यावं म्हणून, त्या जागी चिकटपट्टी दिसायची.

अडचण होती कायद्याची. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात खाजगी वापराला सूट होती, पण ती साहित्य, नाट्य, संगीतरचना आणि कलाकृतींपुरती. ध्वनिमुद्रण तिच्यात बसत नव्हतं. १९८४च्या दुरुस्तीने शिक्षा वाढवली: किमान सहा महिने कैद, किमान ५० हजार रुपये दंड, आणि खास कारण असेल तरच त्यात सवलत. रोख होता नकली कॅसेटींचा धंदा करणाऱ्यांवर. पण एक पैसा न घेता मित्रासाठी रात्रभर बसून गाणी भरणारा विद्यार्थीही कागदावर त्यांच्याच रांगेत गेला. दुसरा रस्ता नव्हता असं नाही. जर्मनीने १९६५ मध्ये टेपरेकॉर्डरवर कलावंतांसाठी आकार (शुल्क) लावून घरगुती ध्वनिमुद्रणाला वाट दिली होती, १९८५ मध्ये तो कोऱ्या कॅसेटवरही लावला. आपल्याकडे तसं झालं नाही. त्यामुळे गीतकार-संगीतकारांना या भरलेल्या कॅसेटींतून काही मिळालं नाही, आणि विद्यार्थीही मोकळे झाले नाहीत. हा निर्णय दोघांवरही अन्याय करणारा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. खाजगी वापराच्या सवलतीत ध्वनिमुद्रण आलं ते थेट २०१२ मध्ये. मित्राला दिलेली प्रत तिच्यात धरायची का, हे तेव्हाही स्पष्ट लिहिलं गेलं नाही.

तोवर कॅसेट मागे पडली होती. मधे सीडी आली, पण खेड्यात खरा बदल केला मेमरी कार्डाने. तालुक्याच्या मोबाइल दुकानात कार्ड भरून मिळू लागलं. दुकानदाराच्या संगणकातून शेकडो गाणी एकगठ्ठा उतरत, निवड आणि क्रम दोन्ही त्याचे. पुढे व्हॉट्सअॅपवर एकेक गाणं फिरू लागलं.

सप्ताहातली भजनं मात्र त्या संगणकांत कधी नव्हतीच. कुणाकडे तशा कॅसेटी उरल्या असतील तर त्या आधी उतरवून घ्याव्यात. पट्टीला बुरशी धरतेय, आणि अनेक गावच्या बुवांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.