ओरडणारा ब्रेक आणि गप्प गळती

नागपुरात सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरताना माझ्या २७ वर्षांच्या छोट्या गाडीच्या ब्रेकने पहिल्यांदा किंकाळी फोडली, तेव्हा तलावाकाठचे लोक वळून पाहू लागले. घरी पोहोचलो तर शेजारचे काकाजी गेटवरच उभे. "ब्रेक वाजून राहिले न तुझे. पाहून घे बापा." काकाजींचं बरोबरच होतं. पण मी त्या आवाजामागे लागलो आणि सापडलं भलतंच. ज्याची खरी भीती बाळगायला हवी होती, ते अजिबात आवाज करत नव्हतं.

आधी आवाजाचं पाहू. शाळेत फळ्यावर खडू करकरला की अंगावर काटा यायचा. खडू थोडा उभा धरून पुढे ढकलला, तर सलग रेघ न उमटता ठिपक्यांची रांग उमटते. खडू फळ्याला चिकटतो, ताण वाढला की सुटतो, पुन्हा चिकटतो. ब्रेकमध्येही बऱ्याच अंशी हेच घडतं. ब्रेकचं पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, म्हणजे डिस्कला, धरतं आणि सोडतं, सेकंदाला हजारो वेळा, आणि डिस्क घंटेसारखी थरथरू लागते. आपला कान २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तिखट असतो. ब्रेकची किंकाळी बरेचदा त्याच पट्ट्यात येते, म्हणून ती इतकी टोचते. करकरणारा खडू मोडून अर्धा केला की आवाज थांबतो, हे शिक्षकांना चांगलं माहीत असतं, कारण लांबी बदलली की कंपनंही बदलतात. पॅडच्या कडा तिरप्या घासणं किंवा पॅडमागे शिम नावाची पातळ पट्टी बसवणं ही गॅरेजमधली कामं म्हणजे खडू मोडण्याचाच प्रकार.

आवाज कधी येतो, यावरून निम्मं निदान होतं. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळचे दोन-चार ब्रेक वाजतात, मग सगळं शांत. त्याची चिंता नको. पण रोज, गाडी तापल्यावरही बारीक चिरका आवाज येत असेल, तर पॅड झिजत आल्याची सूचना देणारी पत्र्याची जीभ डिस्कला घासत असू शकते. आणि आवाज चिरका नसून खरखरीत असेल, तर लोखंडावर लोखंड घासतंय असं समजा आणि गाडी तिथेच थांबवा.

माझ्या गाडीचं पुढचं डावं चाक काढलं तेव्हा आतल्या बाजूच्या पॅडवर जेमतेम ३ मिलिमीटर माल उरला होता आणि बाहेरच्यावर चांगला ७. पॅड डिस्कवर दाबणारं कॅलिपर ज्या पिनांवर सरकतं, त्यातली एक धुळीने आणि सुकलेल्या ग्रीसने जाम झाली होती. पिन साफ केली, ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावलं, दोन्ही चाकांचे पॅड बदलले. आवाज गेला. (ब्रेकची धूळ फुंकून किंवा हवेच्या प्रेशरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा, तो फुप्फुसात जायला नको. ओल्या फडक्याने पुसा.)

काम इथे संपलं असतं. पण बॉनेट उघडलं, तर ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली. पॅड झिजले की त्यांना ढकलणारे पिस्टन बाहेर येतात आणि पातळी थोडी उतरते, ते साहजिक आहे. मी मात्र पंधरा दिवसांपूर्वीच डबी भरली होती. नुसतं भरत राहणं ही मोठी चूक असते, कारण त्याने गळती झाकली जाते.

रात्री कूलरचा रिकामा खोका उलगडून गाडीखाली पसरला आणि चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवल्या. सकाळी मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ओला डाग होता. उन्हाळ्यात एसीचं पाणीही टपकतं, म्हणून डाग दिसला की घाबरायचं नाही, ओळखायचं. त्यातला थेंब काचेच्या ग्लासातल्या पाण्यात सोडला. इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल असतं तर तरंगलं असतं. हा थेंब विरघळून गेला. कूलंटही विरघळतं, पण ते रंगीत असतं आणि मागच्या चाकापाशी येत नाही.

म्हणजे आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो, ते तेल नव्हेच. ग्लायकॉल ईथर जातीचा तो द्रव आहे. हे नाव घातक ठरू शकतं, कारण "ऑइलच तर आहे" म्हणून कोणी डबीत इंजिन ऑइल ओतलं, तर गळती रोखणारे आतले रबरी वायसर फुगतात आणि सगळी यंत्रणा निकामी होते. हा द्रव हवेतली ओल शोषतो. डॉट ३ हा त्याचा एक प्रकार. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. आता उष्णतेचा हिशेब करा. माणसांसकट ८०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून एकदा थांबवली, तर ब्रेकमध्ये सुमारे १ लाख ११ हजार जूल उष्णता तयार होते. तेवढ्या उष्णतेत तीन कप चहाचं पाणी उकळेल. चिखलदऱ्याचा घाट ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलात, तर असे किती कप होतील? द्रव उकळला की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल पोकळ होऊन खाली जातं. म्हणून घाटात खालचा गिअर, आणि साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल नवं.

इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट घट्ट दाबून धरलं, तर ते हळूहळू खाली बसत होतं. बाहेर कुठेच ओल नसती, तर पेडलचा दाब द्रवाला देणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतला वायसर गेला असा संशय घेतला असता. पण डाग समोर होता. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम, म्हणजे लोखंडी डबा, आहे. तो उघडला, शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरची रबरी टोपी स्क्रूड्रायव्हरने जराशी उचलली, आणि आतून थेंबांची बारीक धार निघाली. ड्रमला आतून घासणारा ब्रेक शू भिजून काळा पडला होता. अशी गाडी चालवायचीच नाही. मेकॅनिकला घरी बोलवायचं किंवा ती ओढून न्यायची. आम्ही मागच्या दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि शू बदलले.

मग नळ्यांत शिरलेली एअर काढायचं काम. पेडलवर मुलगी बसली आणि मी सिलिंडरवरच्या निपलला, म्हणजे हवा सोडायच्या पोकळ स्क्रूला, पारदर्शक नळी लावून खाली आडवा. "दाब. धरून ठेव. आता सोड." आधी चहाच्या रंगाचा द्रव आला, मग बुडबुडे, मग फिकट पिवळी, सलग धार. निपल कसला आणि पुन्हा दाबायला सांगितलं.

"बाबा, आता खाली जातच नाहीये."