खान्देशातला खान कोण?

याचं सगळ्यात स्पष्ट लेखी उत्तर अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त सापडतं. तापीकाठच्या थाळनेरची जहागीर फिरोजशाह तुघलकाने १३७० च्या सुमारास मलिक राजाला दिली. त्याचा मुलगा नसीर १३९९ मध्ये गादीवर आला. त्याने असीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवलं. गुजरातच्या अहमदशाहाने त्याला ‘खान’ हा किताब दिला आणि त्यावरून मुलखाला खान्देश नाव पडलं, असं अबुल फजल सांगतो.

हा किताब मूळचा मध्य आशियातल्या तुर्क-मंगोल टोळ्यांचा. खान म्हणजे टोळीचा राजा, आणि त्याच्याही वरचा तो खाकान. धर्माशी त्याचा काही संबंध नव्हता. चंगीझखान कुठे मुसलमान होता? उस्मानी सुलतान आपल्या नावापुढे ‘हान’ लावत. सफवी इराणमध्ये मात्र खान राजा राहिला नाही, सुभ्याचा कारभारी झाला. हिंदुस्थानात येईतो तो सरदारकीचा किताब उरला, मग आडनाव झाला. ‘खानम’ हे त्याचंच स्त्रीरूप. मराठीत तर प्रतापगडाची गोष्ट निघाली की नुसतं ‘खान’ म्हटलं तरी पुरतं. खानदान, दवाखाना यांतला ‘खान’ मात्र वेगळा. तो फारसीतला घर या अर्थाचा.

आपल्याकडे पुष्कळांना ‘कान्हदेश’ ही व्युत्पत्ती अधिक भावते. अहिरांचा मुलूख, कृष्णाची भक्ती, श्रावणात नारळाला डोळे-नथ लावून घरोघर बसणारी कानबाई, असं सगळं जुळून येतं. १८८० च्या गॅझेटियरनेही ही शक्यता नोंदवली आहे. त्याचा आधार असा की इतिहासकार फरिश्ता मलिक राजाच्या फारुकी घराण्याच्या आधीच्या काळासाठीही ‘खान्देश’ वापरतो. पण फरिश्ता लिहीत होता सतराव्या शतकात. मागचा इतिहास सांगताना आपल्या काळात रुळलेलं नाव कुणीही वापरणारच! मला तरी अबुल फजलचं पारडं जड वाटतं.

१६०१ मध्ये असीरगड पडल्यावर अकबराने शाहजादा दानियालच्या नावाने सुभ्याला ‘दानदेश’ केलं. ते टिकलं नाही. इंग्रजांनी १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन जिल्हे पाडले, तेच पुढे जळगाव आणि धुळे झाले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. खान्देश नावाचा जिल्हा आता सरकारदरबारी नाही.