पॅरा बॅडमिंटनचं वर्गीकरण: दाखला असूनही अर्ज का अडतो, आणि तुमच्या वतीने सही कोण करतं

'माझ्याकडे साठ टक्के दिव्यांगत्वाचा दाखला आहे, मग मी पात्र नाही असं कसं म्हणतात?' खेळाडूंचे फॉर्म भरून देता देता हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता मुलगा दारात आला की आधी पाणी देतो आणि मगच फाईल उघडायला सांगतो. उत्तर कडू आहे. पॅरा बॅडमिंटनमध्ये टक्केवारी कुणी विचारतच नाही.

युडीआयडी कार्डावरची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावरची, टक्केवारी सरकारी सवलतींसाठी असते. एसटीचा पास, नोकरीतलं आरक्षण, शिष्यवृत्ती अशा कामांना ती लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय आणि बहुतेक लाभांसाठी ४० टक्क्यांची अट आहे. जागतिक बॅडमिंटन महासंघाचं माप वेगळं आहे. त्यांना फक्त शारीरिक दिव्यांगत्व चालतं, आणि तेही खेळावर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त परिणाम करणारं असेल तरच. त्यामुळे ऐकू न येणारा, अंध किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेला खेळाडू इथे बसत नाही, मग कार्डावर शंभर टक्के असोत. कर्णबधिरांची बॅडमिंटन स्पर्धा डेफलिम्पिक्समध्ये होते. ती वाट वेगळी आणि तिथली संघटनाही वेगळी. चुकीच्या दारात दोन वर्षं घालवलेली मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांना कुणीच हे सांगितलं नव्हतं, याचा राग अजून जात नाही.

वर्गीकरण म्हणजे दिव्यांगत्व तपासून खेळाडूला गट ठरवून देणं. गट सहा आहेत. डब्ल्यूएच१ आणि डब्ल्यूएच२ हे व्हीलचेअरचे. एसएल३ आणि एसएल४ पायातल्या दिव्यांगत्वाचे, त्यातल्या एसएल३ मध्ये त्रास जास्त म्हणून एकेरी अर्ध्या कोर्टावर होते. एसयू५ हातासाठी. एसएच६ कमी उंचीसाठी, पुरुषांना १४५ सेंटिमीटर आणि महिलांना १३७ सेंटिमीटरपर्यंत. ओळखीची नावं घेतली तर पटकन लक्षात राहतं: २०१९ ची विश्वविजेती मानसी जोशी एसएल३, सांगलीचा सुकांत कदम एसएल४, पॅरिस पॅरालिम्पिकला पदक मिळवणारी तुलसीमती मुरुगेसन एसयू५, टोकियो पॅरालिम्पिकचा सुवर्णविजेता कृष्णा नागर एसएच६.

आता सगळ्यात जास्त अर्ज जिथे पडतात ती जागा. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं, पाय अजून दुखतो, सांधा डुगडुगतो. असा खेळाडू खरोखर लंगडतो आणि जिल्हा रुग्णालयातून त्याला दाखलाही मिळतो. पण आंतरराष्ट्रीय नियमांत नुसती वेदना, सांध्याचा ढिलेपणा, दमसास कमी पडणं, हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास यांपैकी काहीही पात्र धरलं जात नाही. स्नायूंची ताकद कमी होणं, सांधा ठरावीक कोनापलीकडे न हलणं, अवयव नसणं, दोन पायांच्या लांबीत मोठा फरक, कमी उंची आणि मेंदूशी संबंधित ताठरपणा किंवा हालचालींवरचा ताबा सुटणं, एवढंच चालतं. आणि यापैकी जे काही असेल त्याच्या मागे निदान झालेला आजार किंवा इजा असल्याचा कागद लागतो. मूळ कारण कागदावर नसेल तर कोर्टावर कितीही स्पष्ट दिसत असलं तरी गाडी पुढे सरकत नाही.

वैद्यकीय फॉर्म: इथेच वेळ द्या

फॉर्म इंग्रजीत आणि डॉक्टरांनीच भरायचा असतो. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टर एका ओळीत 'उजव्या पायात ६० टक्के दिव्यांगत्व' लिहितात, शिक्का मारतात आणि पुढचा पेशंट बोलावतात. त्यात त्यांचा दोष नाही, रोज ते हेच लिहितात. पण हा फॉर्म परत येणार. निदानाचं नाव, त्रास कधीपासून आहे, कायमस्वरूपी आहे का, कोणत्या स्नायूची ताकद शून्य ते पाचपैकी किती, कोणता सांधा किती अंश हलतो, हे सगळं हवं. सोबत त्याला आधार देणारे अहवाल: अवयव कापलेला असेल किंवा हाड आखूड असेल तर एक्स-रे, मज्जातंतूंचा प्रश्न असेल तर ईएमजी (स्नायू आणि नसांची विद्युत तपासणी), मणक्याचा असेल तर एमआरआय. शक्यतो अस्थिरोगतज्ज्ञ, न्यूरॉलॉजिस्ट किंवा पुनर्वसन तज्ज्ञाकडे जा, आणि जाताना कोरा फॉर्म, जुने कागद आणि अर्ध्या तासाची वेळ मागून घेऊन जा. आदल्या दिवशी फोन केलात तर डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत.

पोलिओवाल्यांचं दुखणं वेगळं. चाळिशीतल्या खेळाडूला विचारतात, लहानपणीच्या आजाराची नोंद द्या. गावातल्या दवाखान्यात ताप आला, पाय गेला, कागद कुणी ठेवले? देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. म्हणजे आज खेळणारे पोलिओचे बहुतेक खेळाडू त्या काळातले, जेव्हा केसपेपर घरी आणायची पद्धतच नव्हती. यावर उपाय आहे. जुना कागद शोधत तीन महिने फिरू नका. आजची तपासणी, ताजा ईएमजी आणि 'हे लक्षण जुन्या पोलिओशी जुळतं' असं तज्ज्ञाचं स्पष्ट लेखी मत मिळवा. जन्माच्या वेळी हाताची नस ओढली गेलेल्यांनाही हाच मार्ग. प्रसूती झालेलं रुग्णालय बंद पडलं असेल तर ते बंद आहे एवढं नमूद करून पुढे जा.

नावाची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण घोटाळा तिथेही होतो. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात जातं आणि वडिलांचं नाव कधी दिलेल्या नावात चिकटतं, कधी गळतं. लग्नानंतर मुलीचं कार्ड माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या. स्पर्धेसाठी पासपोर्टवरचं नाव प्रमाण माना आणि फॉर्म, अहवाल सगळं तसंच लिहून घ्या.

तपासणीचा दिवस

देशांतर्गत स्पर्धेत मिळालेला गट आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपोआप चालत नाही. वर्गीकरणाची सोय असलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतच पहिली तपासणी होते, स्पर्धेच्या आधी, आणि मग सामने चालू असताना खेळ पाहिला जातो. ही पाहणी संपेपर्यंत गट कच्चाच समजा. सोबत एक व्यक्ती नेता येते. अठराच्या खालच्याने मोठं माणूस न्यायलाच हवं. भाषेची अडचण असेल तर दुभाषाही. रोज वापरता तीच चेअर, तोच कृत्रिम पाय, तेच बूट घेऊन जा. आणि जोर लावा असं सांगतील तेव्हा पूर्ण जोर लावा. कमी जोर दाखवून जास्त त्रासाचा, म्हणजे सोपा गट मिळवण्याचा सल्ला देणारे महाभाग मैदानावर भेटतात. टोकियोत एका भारतीय थाळीफेकपटूचं कांस्यपदक वर्गीकरणातच परत गेलं आणि नंतर त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली, हे त्यांना ऐकवा.

निकालासोबत एक अक्षर मिळतं. 'सी' म्हणजे पक्का, 'आर' म्हणजे पुन्हा तपासणी. काही जणांना पुढच्या तपासणीचं वर्ष ठरवून देतात. हे वर्ष बघायला लोक विसरतात आणि ऐन पात्रता स्पर्धेत अडकतात. मधल्या काळात ऑपरेशन झालं किंवा प्रकृतीत मोठा फरक पडला तर वैद्यकीय पुनर्विचाराचा अर्ज करावाच लागतो. न कळवणं हा नियमभंग आहे, विसरलो म्हणून चालत नाही.

पहिल्या पथकाने अपात्र ठरवलं तर दुसरं पथक तपासतं. गट चुकला असं वाटलं तर हरकत घेता येते, आणि इथे पुढचं वाक्य दोनदा वाचा: हरकत खेळाडूने स्वतःच्या सहीने द्यायची नसते, ती राष्ट्रीय संघटनेनेच ठरलेल्या नमुन्यात, शुल्कासह, मुदतीत द्यायची असते. मुदत दिवसांत नसते, तासांत असते. आपला व्यवस्थापक हॉटेलवर गेला आणि फोन बंद असला तर संपलं. म्हणून निकाल लागायच्या आधीच विचारून ठेवा: संघासोबत सहीचा अधिकार कुणाला आहे, आणि शुल्काचे पैसे कुणाकडे आहेत?

भारतात हा खेळ पॅरालिम्पिक कमिटी ऑफ इंडियाच्या छत्राखाली चालतो. स्पर्धेची नोंदणी, वैद्यकीय फॉर्म पाठवणं, हरकत, सगळं त्यांच्याच मार्गाने जातं. खेळाडूला थेट काहीच करता येत नाही, म्हणूनच संघटनेत खेळाडूचा माणूस असणं ही शोभेची बाब नाही. २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा तेच बंधनकारक करतो: प्रत्येक राष्ट्रीय क्रीडा संस्थेत खेळाडू समिती हवी आणि कार्यकारिणी जास्तीत जास्त पंधरा जणांची, त्यात निदान दोन उत्कृष्ट कामगिरीचे खेळाडू आणि चार महिला. कमिटीचे अध्यक्षपद मार्च २०२४ पासून भालाफेकपटू देवेंद्र झाझरियांकडे आहे, दोन पॅरालिम्पिक सुवर्णपदकांचे धनी. आता अध्यक्ष खेळाडू असला म्हणून तुमचा फॉर्म आपोआप पुढे जातो असं नाही, पण दार ठोठावताना समोरच्याला कोर्ट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. वर जागतिक महासंघातही पॅरा खेळाडूंचा वेगळा आयोग आहे आणि त्याचा अध्यक्ष महासंघाच्या परिषदेवर बसतो. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीच्या खेळाडू परिषदेवर उन्हाळी खेळांचे प्रतिनिधी निवडायचं मतदान पॅरालिम्पिक स्पर्धेतच होतं आणि मत फक्त तिथे खेळणाऱ्यांना असतं. उमेदवारी मात्र पुन्हा राष्ट्रीय समितीनेच द्यायची. आधी पत्र, मग निवडणूक.

उमेदवारीचा विचार करणाऱ्यांना, आणि साध्या खेळाडूंनाही, एक डोपिंगची गोष्ट. दुखण्यावर गावचे डॉक्टर सर्रास ट्रामाडॉल लिहून देतात. १ जानेवारी २०२४ पासून ते स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या यादीत आहे. आणि चाचणीच्या यादीत नाव आलं की रोज एक तास कुठे सापडाल हे कळवायचं असतं. बारा महिन्यांत तीनदा चुकलात तर तो डोपिंगचाच गुन्हा. टोकियोचा सुवर्णविजेता प्रमोद भगत याच कारणाने दीड वर्ष बाहेर राहिला आणि पॅरिस हुकलं. औषध नाही, सिरिंज नाही, फक्त पत्ता कळवण्यातली चूक. बंदी चालू असताना संघटनेच्या पदाचा विचारही करू नका.

बाकी कागद सोपे: सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, फोटो, युडीआयडीची प्रत, जुन्या गटाचा निकाल असेल तर तो.

फॉर्म दिला की पोच घ्या. राज्य संघटनेच्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर 'सर पाठवलंय' आणि त्यावर आलेला अंगठा, ही पोच नव्हे. ईमेल करा, विषयात नाव आणि स्पर्धा लिहा, फॉर्मची स्कॅन प्रत जोडा, आणि आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर तोच ईमेल खेळाडू समितीलाही प्रत लावून पुन्हा पाठवा.