हंडी कट-ग्लासची की साच्यातली?

जुन्या नाशकात एखादा वाडा उतरवायला काढला की माळ्यावरून, कोनाड्यांतून दिवे खाली येतात. त्यातल्या पितळेची मला काळजी नसते. तांबट लेन आणि भांडी बाजार असलेल्या गावात लामणदिवा ओतीव आहे की पत्र्याचा, हे घरातली आजी हातात घेऊनच सांगते. वजन, नाद, साखळीच्या कड्यांची झीज पाहिली की काम झालं. काचेची हंडी पुढे आली की मात्र हीच चाणाक्ष माणसं गडबडतात. नक्षी दिसली की ‘कट-ग्लास’, कट-ग्लास म्हटलं की ‘बेल्जियम’, आणि बेल्जियम म्हटलं की शंभर वर्षं जुनी. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

हंडी आणि झुंबर यांतला फरक सगळ्यांना ठाऊक आहे: हंडी हे साखळ्यांवर टांगलेलं एकच पोटाळ भांडं, झुंबराला फांद्या आणि लोलक. तो सोडून देऊ.

खरा घोळ पैलू पाडलेल्या, म्हणजेच कट-ग्लासच्या, आणि साच्यात फुंकलेल्या हंडीचा आहे. पैलू पाडायच्या हंडीची काच आधी जाड आणि साधी फुंकतात. मग फिरत्या लोखंडी चाकावर वाळू-पाणी सोडत नक्षी खोदतात, दगडी चाकावर ती गुळगुळीत करतात आणि लाकडी चाकावर चकाकी आणतात. नक्षीची प्रत्येक रेघ कारागिराच्या हाताने उतरलेली असते. साच्यातल्या हंडीत नक्षी साच्याच्या भिंतीवरच असते. तापलेला काचेचा गोळा आत धरून फुंकला की काच फुगून त्या भिंतीला चिकटते आणि नक्षी उठते. पहिल्या कामाला लागणारा वेळ आणि मेहनत यांची दुसऱ्याशी बरोबरी होत नाही, म्हणून भावातही अंतर पडतं.

ओळखायला बोट पुरतं. हंडीत हात घालून आतली बाजू चाचपा. फुंकलेली काच साच्याच्या चढउतारांबरोबर वाकते, त्यामुळे बाहेर उंचवटा तिथे आत खळगा लागतो. पैलू पाडलेल्या हंडीची आतली बाजू सलग गुळगुळीत असते, कारण चाक फक्त बाहेरून चाललेलं असतं. ‘दाबकाचेची, म्हणजे फुंकण्याऐवजी साच्यात दाबून केलेल्या काचेची, नक्षीसुद्धा आतून गुळगुळीत लागते,’ असं कुणी म्हणेल. ताटली-वाटीच्या बाबतीत ते खरं आहे. पण दाबकाचेत वरून दट्ट्या घालतात आणि तो परत बाहेर काढावा लागतो. गळ्याशी आवळलेल्या हंडीतून तो निघणार कसा? म्हणून पोटाळ हंडीपुरती आतल्या बोटाची परीक्षा भरवशाची आहे. लोलकांना ती लागू नाही. तिथे कडा पाहा: पैलू पाडलेल्या लोलकाची कड करकरीत लागते, साच्यातल्याची विरघळत्या खडीसाखरेसारखी बोथट.

साच्याच्या जोडाची रेघ शोधण्यावर मात्र लोक फार विसंबतात. रेघ सापडली तर साचा नक्की. पण रेघ नाही म्हणून पैलू पाडलेली, हा निष्कर्ष साफ चूक आहे. साचा करणारा जोड मुद्दाम नक्षीच्या कडेत लपवतो, आणि हंडी पुन्हा भट्टीच्या तोंडाशी धरली की उरलेली रेघही वितळून जाते. त्यापेक्षा भिंग घेऊन दोन रेघा एकमेकींना छेदतात ती जागा बघा. चाकाची रेघ कुठेतरी केसभर पुढे गेलेली असते, शेजारशेजारचे दोन चौकट अगदी सारखे नसतात. साच्यातून काढून वरून थोडं चाक फिरवलेलं कामही मिळतं. त्याच्या कडा धारदार असतात, पण आत खळगे असतातच. तिथे बोटाचं ऐकावं.

रुपयाचं नाणं आपटून नाद ऐकण्याची सवय तर बंदच झाली पाहिजे. लांब घुमणारा नाद काचेत शिसं असल्याचं सुचवतो, पैलू पाडल्याचं नाही. आणि कडेला न दिसणारी चीर असेल तर त्या एका टिचकीने हंडी जाते.

आता जुनेपणाचं. साच्यातली म्हणजे नवी, असं समजून आमच्या नात्यातल्या एका वाड्यातली हंड्यांची जोडी भंगाराच्या भावात गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. साच्यात काच फुंकणं रोमन काळापासून चालत आलंय, आणि पैलू पाडलेल्या काचेची कामं आजही होतात. वय ठरवायचं ते इतर खुणांवरून. टांगलेल्या वस्तूचा तळ घासत नाही, म्हणून तळावरचे एकसारखे ओरखडे मला नेहमी संशयास्पद वाटतात. खरी झीज साखळ्या अडकवायच्या पितळी कड्याखाली, काठावर असते. कड्याच्या खाचेत मेण आणि काजळी अडकलेली असते. रंगीत हंडीत रंग काचेत आहे की वरून दिलाय, ते काठाशी नखाने पाहावं.

बेल्जियमचंही एकदा सांगतो. तिथल्या व्हाल सां लांबेरसारख्या कारखान्यांनी उत्तम काच केली, यात शंका नाही. पण हिंदुस्थानातल्या संस्थानिकांना झुंबरं पुरवणारी ऑस्लर ही पेढी बर्मिंगहॅमची होती. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात मधोमध उभं असलेलं सत्तावीस फुटी काचेचं कारंजं तिनेच केलं, आणि कलकत्त्यात तिचं दुकानही होतं. बोहेमियातूनही, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्रांतातूनही, भरपूर माल येई. पितळेवर ‘चेकोस्लोव्हाकिया’ असा शिक्का असेल तर वस्तू १९१८ नंतरची, कारण त्याआधी त्या नावाचा देशच नव्हता.

मोल ठरवताना मी आधी काठ बघतो. कपची उडालेला काठ घासून खाली आणलेला असेल तर वरची नक्षी मध्येच तुटलेली दिसते. मग जोडी आहे का, मूळ कडं आणि साखळ्या आहेत का, आणि साखळ्या जिथे एकत्र येतात तिथली काचेची छोटी टोपी आहे का. धूर तक्तपोशीला लागू नये म्हणून ती असते, आणि बहुतेक घरांत तिला फुलदाणी समजून वेगळी काढतात. विजेच्या होल्डरसाठी तळाला भोक पाडलेलं असेल तर किंमत बरीच उतरते. परदेशी लिलावांचे आकडे इथे लावू नका. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे तिला गिऱ्हाईक इथलंच.

हंडी उतरवताना आधी टोपी, मग साखळ्या काढा; कडं काठावरून ओढू नका. कड्याला चिंच-मीठ लावू नका, पितळेवर सोन्याचा मुलामा किंवा जुनं वार्निश असेल तर तो पहिल्याच घासण्यात जातो. धोतराच्या जुन्या मऊ फडक्यात गुंडाळा आणि काठ वर ठेवून पेटीत बसवा.