शंभर गळ्यांमधून एकटीचा आवाज कसा पोचतो?

इटालियन संगीतकार वर्दीचा रेक्विएम म्हणजे मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थना, पण ऐकायला पार ऑपेरा. पहिल्यांदा झाला २२ मे १८७४ ला, मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये, मान्झोनी या लेखकाच्या पहिल्या वर्षश्राद्धाला. त्यातला 'दिएस इरे' (क्रोधाचा दिवस) हा भाग सुरू झाला की कोरस, पितळी वाद्यं आणि तो भलामोठा बास ड्रम सगळं एकदम अंगावर येतं (ड्रमच्या दोऱ्या करकचून ताणा, ठोका कोरडा आणि जोरदार हवा, असं वर्दीने स्कोअरमध्येच, म्हणजे स्वरलिपीतच, लिहून ठेवलंय). आणि माईक? एकही नाही. मग चार सोलो गायक ऐकू येतात कसे?

आधी एक गैरसमज. शंभर जण गायले म्हणजे आवाज शंभरपट मोठा वाटत नाही, एकट्यापेक्षा साधारण २० डेसिबल वाढतो आणि कानाला तो चौपटच्या आसपास लागतो. म्हणजे मामला अगदीच हाताबाहेर नसतो.

खरी गंमत पुढे आहे. ऑर्केस्ट्राचा सगळ्यात जास्त जोर असतो ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) आसपास, वर जावं तसा तो उतरत जातो. स्वीडनचे आवाजाचे अभ्यासक योहान सुंडबर्ग यांनी मोजून दाखवलं की तयार पुरुष गायक स्वरयंत्र खाली घेऊन त्याच्या वरची जागा अशी काही आवळतात की ३००० हर्ट्झजवळ आवाजाला धार येते, आणि आपला कान नेमका तिथेच तिखट. थोडक्यात टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक) ऑर्केस्ट्राशी कुस्ती खेळत नाही, हमरस्ता तुंबलेला बघून शेजारच्या बोळातून निघून जातो. कोरसवाले मात्र ही धार मुद्दाम दाबतात, नाहीतर एकजण वेगळा निघून सगळा गोळीबंदपणा गेला.

सोप्रानोचं, म्हणजे सगळ्यात उंच पट्टीच्या गायिकेचं, गणित वेगळंच. शेवटच्या 'लिबेरा मे' या भागात तिला वरचा सी (पाश्चात्त्य संगीतातला एक सूर) लावायचाय, जवळपास १०५० हर्ट्झ. 'ई' म्हणताना तोंडाची पोकळी सगळ्यात आधी घुमते ती ३०० च्या आसपास, म्हणजे स्वर त्याच्या कितीतरी वर गेला, तिथे पोकळीची काहीच मदत नाही! म्हणून ती जबडा सरळ खाली सोडते, पोकळीचं घुमणं स्वराच्या जवळ आणते आणि आवाज फुकटात मोठा होतो, फक्त मग ई काय नि ऊ काय, सगळं 'आ'च ऐकू येतं. शब्द कळले नाहीत तर तुमचे कान खराब नाहीत.

अगदी शेवटी तीच बाई खाली, मधल्या सीवर येते आणि एकाच सुरावर जवळजवळ पुटपुटते, 'लिबेरा मे', मला सोडव. तोंड जेमतेम उघडं, आणि अक्षर न् अक्षर कळतं.