कमांडमधला डॅश बदलला कुणी?

परवा बाणेरच्या ऑफिसात आमच्या नव्या पोरानं नेटवर्क ट्रॅफिक बघायच्या टूलची कमांड आमच्याच टीमच्या डॉक्युमेंटेशनमधून कॉपी-पेस्ट केली तर चालेचना, परमिशन बघून झाल्या, इंटरफेसचं नाव बघून झालं, अर्ध्या तासानं कळलं की दोन छोट्या डॅशच्या जागी एक लांब डॅश येऊन बसलाय. दुरुस्ती काय, तर कमांडभोवतीच्या एका बॅकटिकचे (` या चिन्हाचे) दोन करायचे. पण हा घोळ लई जुना आहे.

टाइपरायटरवर डॅशचं बटण एकच, तेच हायफन नि तेच वजा, आणि १९६३ च्या आस्कीतही (कॉम्प्युटरच्या अक्षरांचा जुना कोड) तसंच एक चिन्ह आलं. छापखान्यात हे खपत नाही. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही जुन्या कंपोझिटरला विचारा, हायफनचा खिळा वेगळा, लांब रेघेचा वेगळा. म्हणून युनिक्सवाल्यांनी टाइपसेटिंगसाठी ट्रॉफ हे सॉफ्टवेअर केलं तेव्हा त्यात नुसता डॅश म्हणजे हायफन, आणि आधी बॅकस्लॅश दिला तर वजा, असं ठरलं.

१९८८ मध्ये लॉरेन्स बर्कली लॅबमध्ये नेटवर्क ट्रॅफिक बघायचं टीसीपीडंप लिहिलं गेलं, त्याचं मॅन पेज (कमांडच्या माहितीचं पान) याच ट्रॉफच्या पद्धतीचं, ऑप्शनच्या आधी बॅकस्लॅश लावलेलं. बाकी पुष्कळांनी तो लावलाच नाही, कारण टर्मिनलवर फरक दिसायचा नाही. २०२३ ला जीरॉफ १.२३ नं (ट्रॉफचाच नंतरचा अवतार) तो फरक खरंच दाखवायला घेतला तेव्हा ओरडा झाला, डेबियन लिनक्सनं तर दोन्ही परत एकच करून टाकले. बरं केलं.

त्याच लॅबमधून निघालेलं झीक (आधीचं नाव ब्रो) घ्या किंवा सुरिकाटा, नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या या दोन्ही टूल्सची डॉक्स रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या मार्कअपमध्ये लिहून स्फिंक्स या डॉक्स बनवायच्या टूलमधून काढतात, आमचंही तसंच. तिथं कोडला बॅकटिक दोन लागतात. मार्कडाऊन या दुसऱ्या मार्कअपमध्ये एक पुरतो आणि सगळ्यांच्या बोटांना तीच सवय. एकच टाकला तर एरर वगैरे काही येत नाही, अक्षरं नुसती तिरकी होतात, आणि हा कोड नाही म्हटल्यावर स्फिंक्स आपली हुशारी दाखवत अवतरणचिन्हं गोल करतं नि दोन डॅश जोडून एक लांब करतं.

आमच्या पानांवर असे सतरा सापडले. त्यातले अकरा मीच लिहिलेले.