राउटरचा अडॅप्टर पेडलला चालेल का?

दोन्ही काळे, दोन्हींवर ९ व्होल्ट लिहिलेलं, दोन्हींची गोल पिन ५.५ बाय २.१ मिलिमीटरची. एक वायफाय राउटरचा, दुसरा गिटारच्या पेडलचा, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डबीचा. पहिला पेडलमध्ये अगदी नीट बसतो, म्हणूनच घोटाळा होतो.

राउटरच्या अडॅप्टरला सहसा आतून पॉझिटिव्ह असतं आणि बाहेरच्या नळीला निगेटिव्ह. बॉस, आयबानेझ या कंपन्यांच्या पेडलांसकट बहुतेक पेडलांना नेमकं उलट लागतं. लेबलवर एक बारीक चित्र असतं: मध्ये टिंब, भोवती उघडं वर्तुळ, दोन बाजूंना अधिक-उण्याची चिन्हं. टिंबाला जोडलेलं चिन्ह ते आतलं. मी व्होल्टच्याही आधी हे चित्र बघते.

ही उलटी रीत आली ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीमुळे. अडॅप्टर लावला की बॅटरी आपोआप सुटायला हवी, नाहीतर अडॅप्टर तिलाच चार्ज करू लागेल, आणि साधी बॅटरी त्यासाठी केलेली नसते. सॉकेटमध्ये हे तोडायचं काम करणारी पट्टी बाहेरच्या नळीच्या बाजूला असते. बॅटरीचं निगेटिव्ह टोक आधीच दुसऱ्या कामात गुंतलेलं: इनपुटला केबल लावली की ते तिथल्या स्टिरिओ जॅकमधून जोडलं जातं आणि पेडल सुरू होतं. (केबल तशीच ठेवून झोपलात तर सकाळी बॅटरी उतरलेली असते, ती याचमुळे.) राहिलं पॉझिटिव्ह. ते बाहेरच्या बाजूला गेलं आणि मधली पिन निगेटिव्ह झाली.

चुकीचा अडॅप्टर लावला तर काय, हे पेडलच्या आतल्या डायोडवर, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागावर आहे. तो करंटच्या वाटेतच बसवलेला असेल तर पेडल नुसतं गप्प राहतं. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हच्या मध्ये आडवा जोडलेला असेल तर सगळा करंट तो स्वतःवर घेतो आणि बऱ्याचदा जळतो. बदलायला तो अगदी स्वस्त, म्हणून पेडल लगेच भंगारात काढू नका. डायोडच नसेल तर मात्र आयसी आणि कपॅसिटर जातात.

अँपिअरची भीती नको. पेडल हवा तेवढाच करंट ओढतं. साध्या ओव्हरड्राइव्हला (आवाज खरखरीत करणारं पेडल) १० मिलिअँपिअरच्या आसपास पुरतात, त्याला ६०० चा अडॅप्टरही चालतो. व्होल्ट मात्र तेवढेच हवेत.

पिनची दिशा उलटवणारी छोटी केबल मिळते. तिने राउटरचा अडॅप्टर पेडलवर चालतो खरा, पण आवाजात बारीक शीळ मिसळू शकते. घरी सरावाला मी ती वापरते, रेकॉर्डिंगला नाही.